ट्रेडिंगला जा, पण प्रबंध पुरा करून जा

आदरणीय ताई,

मी मुंबईत कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी करते, चौथं वर्ष चालू आहे. विषय अल्गोरिदमिक गेम थिअरी, म्हणजे आपापला फायदा पाहणाऱ्या खेळाडूंच्या डावपेचांचं गणित. लिलावाचे नियम असे आखायचे की खोटी बोली लावून कुणाचा फायदाच होऊ नये, हा त्यातला माझा भाग. दोन पेपर झालेत, तिसऱ्यातली एक सिद्धता कित्येक महिने अडली आहे. मागच्या उन्हाळ्यात गुरुग्रामच्या एका ट्रेडिंग कंपनीत इंटर्नशिप केली आणि आता त्यांनी कायमची नोकरी देऊ केली आहे. पगाराचा आकडा ऐकून आई गप्पच बसली. मात्र लगेच रुजू व्हायचं, प्रबंध नंतर ‘जमेल तसा’ पुरा करायचा, अशी त्यांची अट आहे. माझे गाइड म्हणतात, “तिकडे गेलेलं कुणी परत येत नाही.” बाबा कराडजवळच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. ते म्हणतात, “सट्टा खेळायला एवढं शिकलीस का?” घराच्या कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत, धाकट्या भावाचं शिक्षण व्हायचंय. पण खरं सांगू का, पैशांपेक्षा मला ते कामच आवडलं. संशोधन आणि ट्रेडिंग, दोन्ही एकाच आयुष्यात जमतं का? कुणी केलंय का? महिनाअखेर कंपनीला उत्तर द्यायचं आहे.

– नाव छापू नये, मुंबई

प्रिय मैत्रिणी,

जमतं, आणि लोकांनी करून दाखवलंय. पण ते कोणत्या क्रमाने केलं आणि बाजारात गेल्यावर कोणते प्रश्न हातात घेतले, यावर सगळं अवलंबून आहे. म्हणून आधी एका माणसाचं काम तुझ्यापुढे ठेवते, मग तुझ्या महिनाअखेरीकडे वळू.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले प्राध्यापक मायकेल कर्न्स यांनी १९८९ साली हार्वर्डमधून लेस्ली व्हॅलियंट यांच्याकडे पीएचडी केली. प्रबंधाचा विषय बाजारही नव्हता आणि गेम थिअरीही नव्हती. उदाहरणांवरून शिकणाऱ्या यंत्राला काय शिकता येईल आणि काय कधीच शिकता येणार नाही, याचं गणित त्यांनी मांडलं. त्याच काळात गुरु-शिष्यांनी मिळून एक प्रश्न विचारला: नाणेफेकीपेक्षा जेमतेम बरा अंदाज करणारी पद्धत हाताशी असेल, तर तिच्यापासून हवी तितकी अचूक पद्धत घडवता येईल का? उत्तर त्यांना सापडलं नाही. ते रॉबर्ट शापिरे यांनी १९९० साली दिलं आणि त्यातून ‘बूस्टिंग’ हे तंत्र जन्माला आलं. पुढे शापिरे आणि योआव फ्रॉइंड यांनी दाखवलं की हेच तंत्र दोन खेळाडूंचा शून्य-बेरजेचा खेळ (एकाचा फायदा तेवढाच दुसऱ्याचा तोटा) म्हणूनही समजून घेता येतं. तुझी सिद्धता महिनोन् महिने अडली आहे म्हणून तू खचली आहेस, असं पत्राच्या सुरावरून वाटलं. ती सुटली नाही तर निदान प्रश्न इतका नेमका मांड की दुसऱ्या कुणाला तो उचलता येईल. प्रबंधाच्या एका प्रकरणात असा प्रश्न नीट मांडलेला असणं हे खरंखुरं काम आहे, परीक्षकही ते मानतात.

पीएचडीनंतर दहाएक वर्षं कर्न्स बेल लॅब्ज आणि एटी अँड टीच्या प्रयोगशाळांत होते. तिथून निघता निघता, २००१ साली, मायकेल लिटमन आणि सतिंदर सिंग यांच्याबरोबर त्यांनी ‘ग्राफिकल गेम्स’ची कल्पना मांडली. खेळाडू हजारो असले तरी प्रत्येकाचा नफा-तोटा जवळच्या चार-सहा जणांवरच अवलंबून असेल, तर त्या जाळ्याचा आकार वापरून समतोल, म्हणजे कुणालाच एकट्याने चाल बदलून फायदा होणार नाही अशी स्थिती, लवकर काढता येतो का, असा तो विचार. २००२ साली ते पेनसिल्व्हेनियाला आले आणि तिथे लुईस ऑर्टिझ यांच्याबरोबर लेहमन ब्रदर्स या बँकेच्या पाठबळावर स्वयंचलित ट्रेडिंगचा एक प्रकल्प उभा केला. तुला जे काम आवडलं त्याच्या अगदी जवळचं हे आहे, म्हणून इथे जरा थांबते.

अमेरिकेत तेव्हा ‘आयलंड’ नावाचा इलेक्ट्रॉनिक बाजार होता आणि त्याचं ऑर्डर बुक, म्हणजे कोण किती भावाला किती शेअर घ्यायला-विकायला तयार आहे याची यादी, कुणालाही चालू स्थितीत पाहता येई. या गटाने एक नकली शेअरबाजार बांधला. त्यात आयलंडवरच्या खऱ्या ऑर्डरी जशा येत तशा घेतल्या आणि विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या ऑर्डरी त्यांच्यात मिसळल्या. मग स्पर्धा लावल्या, दुसऱ्या विद्यापीठांतले लोकही आपापले प्रोग्रॅम घेऊन उतरले. पैसा खोटा, पण भाव आणि रांगा खऱ्या. या रचनेला एक मोठी मर्यादा होती. तुझ्या प्रोग्रॅमने मोठी ऑर्डर टाकली तरी आयलंडवरच्या खऱ्या माणसांना तिचा पत्ताच नसे, त्यामुळे ते आपली चाल बदलत नसत. खऱ्या बाजारात लगेच बदलतील. गेम थिअरी शिकलेल्या माणसाच्या डोळ्यांत ही गोष्ट आधी भरते, निव्वळ आकडेवारीवर वाढलेल्याच्या उशिरा. तुझ्या कंपनीला तू हवी आहेस ती याच नजरेसाठी, हे लक्षात ठेव. अटी ठरवताना कामाला येईल.

ऑर्डर बुक तू इंटर्नशिपमध्ये पाहिलं आहेस. तुझ्या बाबांसाठी आणि इतर वाचकांसाठी मात्र एक लहानसं उदाहरण देते. समजा एका शेअरला खरेदीच्या बाजूला सगळ्यात वरचा भाव १०० रुपये आहे आणि त्या भावाला ३०० शेअर घ्यायला लोक तयार आहेत. त्याखाली ९९.९५ ला ८०० शेअरची मागणी. विक्रीच्या बाजूला १००.१० ला २०० शेअर विकायला ठेवलेत. तुला १,००० विकायचे आहेत. आत्ताच्या आत्ता विकलेस तर ३०० शेअरला शंभराचा भाव मिळेल आणि उरलेले ७०० शेअर ९९.९५ ला जातील. त्याऐवजी १००.१० ला लिमिट ऑर्डर, म्हणजे याहून कमी भावात विकायचं नाही अशी ऑर्डर, लावलीस तर दहा-पंधरा पैसे जास्त मिळतील, पण आधीच्या २०० शेअरच्या मागे रांगेत उभं राहावं लागेल आणि गिऱ्हाईक येईलच याची खात्री नाही. शिवाय कुणीतरी हजाराचा माल काढायला बसलंय, हे तोवर सगळ्यांना दिसलेलं असतं. माल लाखाचा असेल तर अडचण आणखी वाढते. लासलगावला एकाच सकाळी एकाच माणसाचे पन्नास ट्रॅक्टर कांदा उभे राहिले तर भावाचं काय होईल, ते तुझ्या बाबांना सांगायला नको.

आपला हेतू किती उघड करायचा आणि किती झाकायचा, हाच प्रश्न तू प्रबंधात लिलावांच्या बाबतीत सोडवते आहेस. कामच आवडलं असं तू लिहिलंस ते म्हणूनच मला पटलं. दोन्हीकडे स्वार्थी खेळाडू आहेत, नियम आहेत आणि हातात थोडाच वेळ आहे.

आता कर्न्स यांनी बाजारातून परत विद्यापीठात काय आणलं ते बघ. २००६ साली युरी नेव्हमिवाका आणि यी फेंग यांच्याबरोबर त्यांनी एक पेपर लिहिला: ठरलेल्या काही मिनिटांत ठरलेले शेअर कमीत कमी नुकसान सोसून कसे विकायचे, हे यंत्राला रीइन्फोर्समेंट लर्निंगने, म्हणजे करून बघत, चुकांतून सुधारत, शिकवता येतं का? नॅसडॅक या अमेरिकी शेअरबाजारावरच्या ऑर्डरींची दीड वर्षाची नोंद त्यांनी वापरली, तीही मिलिसेकंदाच्या अचूकतेची. किती वेळ उरला, किती माल उरला आणि बुकची अवस्था काय, एवढ्यावरून पुढची ऑर्डर कोणत्या भावाला लावायची ते प्रोग्रॅमने ठरवायचं.

२००९ साली ‘डार्क पूल’वर पेपर आला. डार्क पूल म्हणजे ऑर्डर बुक कुणालाच न दिसणारे बाजार. तिथे तू ५०० शेअर पाठवलेस आणि ५०० च्या ५०० विकले गेले, तर ६०० गेले असते की ६,०००, हे कळायला मार्ग नाही. मग अशा चार-पाच ठिकाणी माल वाटायचा कसा? त्यांनी वैद्यकशास्त्रातली एक जुनी पद्धत उचलली. रुग्ण उपचारानंतर किती जगतात याचा अभ्यास करताना काही रुग्ण मध्येच संपर्कातून निघून जातात आणि त्यांचं पुढे काय झालं ते कळत नाही. तिथे कॅप्लन-मायर नावाचा अंदाज वापरतात. त्याचंच एक रूप त्यांनी इथे लावलं. पेपर वाच, सुंदर आहे, आणि तुझ्या विषयापासून दूरही नाही.

मग २०१० सालचा, माझ्या मते सगळ्यात धाडसी. अमेरिकेत तेव्हा वेगवान ट्रेडिंगवर गदारोळ चालू होता. या कंपन्या किती लुटत असतील याचे तर्क चालले होते. कर्न्स, ॲलेक्स कुलेझा आणि नेव्हमिवाका यांनी एक काल्पनिक व्यापारी घेतला, ज्याला पुढच्या काही सेकंदांचे भाव आधीच ठाऊक आहेत. तो फक्त मार्केट ऑर्डरच टाकतो, म्हणजे समोर असेल त्या भावाला लगेच सौदा करतो, आणि फायद्याचा असेल तोच सौदा करतो. २००८ सालच्या संपूर्ण अमेरिकी शेअरबाजारात अशा सर्वज्ञ माणसाने फार तर किती कमावलं असतं? दहा सेकंदांपर्यंत शेअर धरून ठेवला तर वर्षाला सुमारे २१ अब्ज डॉलर. दहा मिलिसेकंदच धरला तर २ कोटी १० लाख डॉलर किंवा त्याहून कमी. पुढचे भाव ठाऊक नसलेल्या खऱ्या कंपनीला याहून कमीच मिळणार. एवढ्या प्रचंड बाजारात हे आकडे लोकांच्या कल्पनेपेक्षा बरेच लहान निघाले.

या तिन्ही पेपरांत पैसे कमावण्याची एकही गुप्त युक्ती नाही. माल कसा विकावा, तो कुठे कसा वाटावा, नफ्याची कमाल मर्यादा किती, एवढंच आहे. बाजाराचा उद्याचा भाव सांगणारं सूत्र कुणाला सापडलं तर ते छापून येताक्षणी मरतं, कारण सगळेच ते वापरायला लागतात. त्यामुळे कोणतीच कंपनी ते छापू देणार नाही, आणि कंपनीच्या जागी आपण असतो तर आपणही दिलं नसतं. पण बाजाराच्या रचनेबद्दलचा प्रश्न छापला तरी त्याची किंमत घटत नाही. दोन्ही डगरींवर पाय ठेवायचा असेल तर तुझं लक्ष या दुसऱ्या जातीच्या प्रश्नांवर हवं. लेहमन ब्रदर्सने १५ सप्टेंबर २००८ रोजी दिवाळखोरी जाहीर केली. तो प्रकल्प ज्या पैशावर उभा राहिला ती बँक गेली, पण त्यातून निघालेलं काम आजही विद्यार्थी वाचतात.

उलट टोकाचं उदाहरणही आहे. जिम सायमन्स स्टोनी ब्रुक विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. गणितज्ञ शिंग-शेन चर्न यांच्याबरोबरचं त्यांचं १९७४ सालचं काम आज भौतिकशास्त्रातही जागोजाग भेटतं. १९७८ साली त्यांनी विद्यापीठ सोडलं, पुढे रेनेसान्स टेक्नॉलॉजीज काढली आणि अफाट पैसा मिळवला. त्या पैशातून उभ्या राहिलेल्या सायमन्स फाउंडेशनने गणिताला मोठा हात दिला आणि उतारवयात ते स्वतःही पुन्हा गणिताकडे वळले. पण कंपनीत वर्षानुवर्षं जे शिकले ते कुलूपबंदच राहिलं. गाइड म्हणतात तसं ‘परत येत नाही’ हे सायमन्स यांच्याबाबतही पूर्ण खरं नाही. मात्र मधल्या काळातलं एकही पान विज्ञानाच्या हाती लागलं नाही, हे तितकंच खरं. तुला यातलं कोणतं चालेल, हे मी सांगू शकत नाही. दोन पेपर लिहिलेल्या मुलीला कर्न्स यांची वाट जास्त भावेल, असा माझा अंदाज आहे.

गाइड सरांच्या बोलण्यात तथ्य आहे, रागावू नकोस. आपल्याकडे सहायक प्राध्यापकाच्या निवडीत पेपर मोजतात, आणि पाच वर्षं एकही पेपर नसलेला उमेदवार मुलाखतीपर्यंतच पोचत नाही. कर्न्स बाजारात उतरले तेव्हा त्यांच्या पाठीशी पीएचडी होती, प्रयोगशाळेतली दहा वर्षं होती आणि विद्यापीठातली नोकरी होती. ते विद्यापीठातून बाजारात जाऊन-येऊन राहिले. वॉल स्ट्रीटवरच्या गटांबरोबर वर्षानुवर्षं काम केलं, पण पाय विद्यापीठातच ठेवला. तुझी परिस्थिती नेमकी उलटी आहे. हातात पदवी नाही आणि कंपनी म्हणतेय, जमेल तसं पुरं करा. दिवसाचे अकरा-बारा तास स्क्रीनपुढे काढून रात्री सिद्धता लिहिणं जमत नाही गं. ज्यांना ‘जमेल तसं’ सांगितलं गेलं त्यांतल्या बहुतेकांचे प्रबंध तसेच पडून राहिलेले मी पाहिलेत, आणि त्यांत तुझ्याहून हुशार मुलंही होती.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: प्रबंध जमा करून मगच रुजू हो. कंपनीला लिहून विचार की रुजू होण्याची तारीख नऊ महिने ते वर्षभर पुढे ढकलता येईल का. अशी विनंती त्यांना नवी नसते, पीएचडीवाल्यांना घेणाऱ्या कंपन्यांना तिची सवय आहे. त्यांनी साफ नकार दिला तर नोकरी जाऊ दे. पदवी हातात असलेल्या, लिलावाचं गणित येणाऱ्या आणि ऑर्डर बुक पाहिलेल्या माणसाला पुढच्या वर्षी दुसरी कंपनी मिळेल. तिसरा पेपर अडला असेल तर त्याच्याशिवाय प्रबंध उभा राहतो का, हे सरांना याच आठवड्यात विचार. हा प्रश्न तू त्यांना अजून विचारलेलाच नाहीस, असा मला दाट संशय आहे.

पैशाचा प्रश्न मी टाळत नाही. सीनियर फेलोशिपचे महिन्याला ४२,००० रुपये मिळत असतील तर त्यातून मुंबईत राहून घरी हप्ता पाठवणं किती ओढाताणीचं असतं, ते मला ठाऊक आहे. बाबांच्या पेन्शनमधून हप्ता वर्षभर निघतो का, भावाची फी कोणत्या महिन्यात भरायची आहे, हे घरी बसून कागदावर मांडा. कंपनी रुजू होतानाचा बोनस देत असेल तर त्यातला काही भाग आधी मिळेल का, तेही विचार. काहींना मिळतो. खरोखरच वर्षभर थांबणं परवडत नसेल, म्हणजे हप्ते थकून घरावर नोटीस येण्याची वेळ असेल, तर माझा सल्ला बदलतो. मग जा, पण विद्यापीठातली नोंदणी चालू ठेवून जा आणि प्रबंधासाठी आठवड्यातला एक दिवस लेखी मागून घे. तोंडी आश्वासनावर विसंबू नकोस.

करारपत्र हातात आलं की तीन गोष्टी शोध. पहिली, नोकरीच्या काळात तू सुचवलेल्या कल्पनांवर मालकी कुणाची. ‘कर्मचाऱ्याने केलेलं सगळं काम’ अशी सरसकट भाषा असेल तर प्रबंधातलं आधीचं काम नावानिशी वगळून घे, जोडपत्रात पेपरांची यादी दे. दुसरी, पेपर छापण्याआधी परवानगी कुणाची, आणि ती किती दिवसांत मिळालीच पाहिजे. मुदत लिहिलेली नसेल तर परवानगी टेबलावर पडून राहते. तिसरी, नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम न करण्याची अट. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ नुसार नोकरी संपल्यावर व्यवसाय करण्यावर घातलेलं बंधन सर्वसाधारणपणे टिकत नाही. गुप्ततेची अट मात्र टिकते, आणि पगार देऊन काही महिने घरी बसवण्याची कलमंही असतात. शिकवण्यावर किंवा संशोधनावर ती लागू नाहीत, एवढं एक वाक्य घालून घे. दोन तासांचे पैसे मोजून एखाद्या वकिलाला कागद दाखव, पुढच्या कितीतरी वर्षांचा प्रश्न आहे.

आता बाबा. त्यांचं म्हणणं जुन्या माणसाची भीती म्हणून बाजूला सारू नकोस. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये (शेअर किंवा निर्देशांकाच्या पुढच्या भावावरचे करार) उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. त्याच अभ्यासात आहे की २०२३-२४ मध्ये स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या संस्थांच्या नफ्यातला ९६ टक्के आणि परदेशी गुंतवणूकदारांच्या नफ्यातला ९७ टक्के वाटा अल्गोरिदमने केलेल्या व्यवहारांतून आला. कराडचा एखादा तरुण मोबाइलवर ऑप्शन घेतो तेव्हा समोर बहुधा तुझ्यासारख्या कुणीतरी लिहिलेला प्रोग्रॅम असतो. बाबांना नेमकं हेच खुपतं. आणि जुलै २०२५ मध्ये सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकी कंपनीविरुद्ध अंतरिम आदेश काढून ४,८४३ कोटी रुपये रोखले. ऑप्शन करारांची मुदत संपते त्या, म्हणजे समाप्तीच्या, दिवशी निर्देशांक हलवून ऑप्शन्समध्ये नफा कमावल्याचा आरोप आहे, कंपनीने तो नाकारला आहे. हे सगळं बाबांनी वर्तमानपत्रात वाचलेलं असणार.

तेव्हा त्यांना ‘हा जुगार नाही’ एवढंच सांगून भागणार नाही. त्याआधी तुला स्वतःला माहीत हवं की तू नेमकं कोणत्या टेबलावर बसणार. पेन्शन फंडाचे किंवा म्युच्युअल फंडाचे शेअर कमी तोट्यात विकून देणारा प्रोग्रॅम लिहिणं वेगळं, आणि समाप्तीच्या दिवशी किरकोळ गिऱ्हाइकाच्या समोर उभं राहणं वेगळं. सतत खरेदी आणि विक्री दोन्हीकडचे भाव देत राहणारा मार्केट मेकर बाजाराच्या उपयोगाचा असतो, कारण त्याच्यामुळे दोन भावांतलं अंतर कमी होतं. कंपनीला सरळ विचार: आमच्या टीमचा नफा कुठून येतो, समोरची बाजू कोण? उत्तर टाळलं तर त्यातूनच बरंच कळेल. उत्तर मिळालं तर तेच शब्द बाबांना सांग. इतकी वर्षं शाळा चालवलेल्या माणसाला ते समजेल, आणि तू विचार करून चाललीस हेही दिसेल.

तू पत्रात न विचारलेली एक वाटही आहे. ट्रेडिंग कंपनीत पाऊल न ठेवता या प्रश्नांवर काम करता येतं. एरिक बुडिश, पीटर क्रॅम्टन आणि जॉन शिम या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ साली दाखवलं की वेगाची ही शर्यत लोकांच्या लोभापेक्षा बाजाराच्या नियमातून जन्मते. शिकागोतला निर्देशांकाचा फ्युचर आणि न्यूयॉर्कमधला त्याच निर्देशांकाचा फंड यांचे भाव क्षणभर जुळत नाहीत, आणि जो आधी पोचतो तो तो फरक घेतो. २००५ साली अशी संधी साधारण ९७ मिलिसेकंद टिकायची, २०११ पर्यंत ती ७ मिलिसेकंदांवर आली. प्रत्येक संधीतला नफा मात्र तेवढाच राहिला. म्हणजे तारा आणि टॉवर यांवर पैसे ओतून बाजार सुधारला नाही, फक्त बक्षीस कोण उचलतो ते बदललं. त्यावर त्यांनी उपाय सुचवला: ऑर्डरी अखंड न जुळवता ठरावीक, अगदी लहान अंतराने एकत्र घेऊन त्यांचा लिलाव करावा. लिलाव हा तर तुझाच विषय! तो अडलेला तिसरा पेपर या अंगाने पुन्हा मांडता येतो का, हे मला खरंच जाणून घ्यायचंय. अशा लिलावात विक्रेत्याने आपला सगळा माल खरा सांगावा यासाठी नियम कसा हवा, हा एक प्रश्न मला तरी दिसतोय. तुला दुसरा दिसेल. असा प्रश्न घेऊन कंपनीत गेलीस तर तिथला रोजचा अनुभव त्याच्या कामी येईल आणि छापण्यावर कुणाची हरकत असण्याचं कारण राहणार नाही.

आता या आठवड्याचं काम. सोमवारी सरांकडे जा, दोन पेपरांवर प्रबंध उभा राहतो का आणि जमा करण्याची तारीख कोणती धरायची, हे ठरव. ती तारीख घेऊन बुधवारपर्यंत कंपनीला ई-मेल कर. नोकरीत मनापासून रस आहे, अमुक महिन्यात प्रबंध जमा होईल, त्यानंतर रुजू होईन, असं दोन परिच्छेदांत लिही. सोबत पेपर छापण्याबद्दलचा प्रश्न आणि टीमबद्दलचा प्रश्न विचार. फोनवर उत्तर आलं तर तेच ई-मेलवर मागून घे. शनिवारी कराडला जा आणि हप्त्यांचा कागद बाबांबरोबर बसून भर. कंपनीचं उत्तर आलं की मला कळव. करारातलं एखादं कलम समजलं नाही तर तेही पाठव, नाव-गाव खोडून.

तुझी,
ताई